दिरांची काळी एक

आमच्या महिला भजनी मंडळाची पेटी धाकटे दीर वाजवायचे आणि त्यांना एकच पट्टी येत होती, काळी एक, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या सुरावरून धरलेला सा. पुरुषांच्या मंडळात ते लहानाचे मोठे झाले. तिथे सगळे बुवा काळी एकमध्येच गात. बायकांचं मंडळ निघालं तेव्हा पेटी तीच आली, दीर तेच आले आणि पट्टीही तीच. बायकांचा गळा वेगळा असतो, ही पट्टी त्याला फार उंच पडते, हे आम्हा बायकांच्याही डोक्यात आलं नाही. चाल वर चढली की आम्ही ओरडायचो आणि त्यालाच खडा आवाज म्हणून मिरवायचो.

मी पुढे गायचे, दोघी-तिघी मागून झेलायच्या, बाकीच्या नुसत्या टाळ्या वाजवायच्या. दोन वर्षांपूर्वी माझा घसा बसला तो उठेचना. साजगावच्या कारखान्यात, पॅकिंगच्या लाइनवर कुणाला हाक मारायला गेले तर नुसती हवाच यायची. डॉक्टर म्हणाले, असंच ओरडत राहिलात तर गाणं विसरा. मला तिथेच रडू आलं. घर, शिफ्ट, शेत या सगळ्यात गाणं तेवढं माझं होतं. ते मी सोडणार नव्हते.

महिनाभर गप्प राहिले आणि मग कर्जतला गाणं शिकवणाऱ्या एका बाईंकडे गेले. त्यांनी माझा हात माझ्याच छातीवर ठेवला आणि खालचा सूर लावायला सांगितला. जातं फिरताना जमीन थरथरते तशी छाती थरथरली.

"हा छातीचा आवाज," त्या म्हणाल्या. सूर वर नेला तशी ती थरथर गेली आणि नाकाच्या मुळाशी, कपाळात काहीतरी झिणझिणायला लागलं. "हा डोक्याचा. दोन्हींच्या मध्ये सांधा असतो. तुम्ही तो ओलांडतच नाही, छातीचाच आवाज वर रेटता. म्हणून घसा फाटतो."

वरच्या त्या बारीक आवाजाला आमच्याकडे खोटा आवाज म्हणतात. कुणी तो लावला की बायका फिदीफिदी हसतात. मीही हसलेली आहे. बाई म्हणाल्या, "खोटा नाही, कच्चा आहे. रोज वीस मिनिटं त्या सांध्यावरून हळू ये-जा करा. आणि आधी पट्टी उतरवा."

पहिलं मी लगेच सुरू केलं. दुसऱ्याला दीर आडवे आले.

"पट्टी उतरवायची म्हंजे नाक कापून घ्यायचं, वहिनी! कळंबचं मंडळ काय म्हनंल?"

"म्हनू दे. गळा माजा हाय."

बराच वेळ ते पेटीचा भाता उगाच उघडमीट करत बसले. मग खाली बघत म्हणाले, "मला दुसरी येत नाय."

"मग मी शिकते."

राग आला की माझं काम फार नीट होतं. त्यांच्याच ओटीवर बसून चार महिने मी पेटीवर डावीकडे, खालच्या सुरांकडे सरकून पांढरी पाच धरायला शिकले. बोटं अडखळली की दीर आतून ओरडायचे, "वहिनी, पेटीवरून मांजर गेलं का?"

"हसा, भावजी. तुमची जागा जातेय."

हनुमान जयंतीच्या संध्याकाळी देवळात पेटीपुढे मी बसले आणि दीर टाळ घेऊन मागे. चाल वर चढली तशी मी जोर काढून घेतला आणि सांधा ओलांडला. आवाज बारीक झाला, पण फाटला नाही. हसायला कुणाला फुरसत नव्हती, कारण मागून आवाज वाढत चालला होता. पुरुष मिसळले की काय म्हणून मी वळून पाहिलं. वर्षानुवर्षं नुसत्या टाळ्या वाजवणाऱ्या बायका गात होत्या. माझी जाऊ, म्हणजे याच दिरांची बायको, डोळे मिटून गात होती. तिचा आवाज भरदार होता, माझ्यापेक्षा चांगला. दीर टाळ वाजवायचे थांबून तिच्याकडे बघत राहिले होते.

भजन संपल्यावर ती माझ्याजवळ आली. "मला वाटायचं, मलाच गळा नाय गं," म्हणाली.

इतकी वर्षं पेटी तिच्याच घरात होती.