एकच कॉलेज

हिंदुरावकाका रोज सकाळी तलावाकाठच्या बाकावर बसून सांगत, "आमची इंद्रायणी पुण्याला चालली." इंजिनिअरिंगच्या शेवटच्या फेरीची यादी अजून लागायची होती आणि काकांनी पसंतीक्रमात पुण्यातलं एकच कॉलेज भरलं होतं. "अण्णा, खाली सोलापूरचंही घाला की," इंद्रायणी वडिलांपुढे हात जोडत होती.

"हितं सोलापुरात शिकली म्हणलं तर माढ्यापर्यंत हसतील लोकं."

पोरीपेक्षा त्यांना बाकावरची रिकामटेकडी माणसं जवळची. यादी लागली. इंद्रायणीला कुठेच जागा नव्हती. तिच्याहून कमी गुणांची शेजारची अंकिता मात्र सोलापुरात लागली. इंद्रायणी दारातच रडत खाली बसली. काकांनी बशीतला चहा फुंकला आणि काकूंना म्हणाले, "अगं, साखर लई कमी हाय की."