दोन वर्षांची ओवी आणि मुलचेऱ्याकडची बदकं

ओवीचा दुसरा वाढदिवस कॉलनीच्या हॉलमध्ये करायचा नाही, हे आम्ही दोघांनी एका रविवारी भांडी घासता घासता ठरवलं. पहिल्या वाढदिवसाला तिथे ऐंशी माणसं होती. फुगे फुटले की ओवी रडायची आणि फोटोग्राफर म्हणायचा, "मॅडम, बेबीला हसवा." मग या वेळी करायचं काय? माझा नवरा प्रशांत म्हणाला, "मासीकडे जाऊ. तिनं किती वेळा बोलावलं."

मासी म्हणजे सरलामासी. मुलचेऱ्याजवळ वसवलेल्या बंगाली निर्वासितांच्या गावातल्या. त्यांचा मुलगा इथे चंद्रपूरच्या ऊर्जानगरला ठेकेदाराकडे कामाला होता, तेव्हा त्या त्याच्याकडे राहायच्या आणि दिवसभर ओवीला सांभाळायच्या. मी शाळेत शिकवते, प्रशांतची इथल्या विजेच्या प्लांटमध्ये शिफ्ट ड्यूटी. पाच महिन्यांची असल्यापासून ओवी त्यांच्याच मांडीवर वाढली. चार महिन्यांपूर्वी सून बाळंत झाली, मुलाने शेती करायचं ठरवलं आणि सगळे गावी परत गेले. ओवी पाळणाघरात जाऊ लागली आणि गप्प झाली.

आधीही ती फार बोलत नव्हतीच. आई, बाबा, नको. शिवाय "दाओ", "पाकी" असं काहीबाही आणि एक "तोई तोई", तेही खिडकीशी उभी राहून. आम्हाला वाटायचं, तोटी म्हणतेय, पाणी हवंय. पाणी दिलं की ती ग्लास ढकलायची. डॉक्टरांनी कान तपासले, ठीक निघाले. "तिच्याशी बोलत राहा," ते म्हणाले. मी बोलतच होते. तरी संध्याकाळी वह्या तपासताना मनात यायचं, नोकरी सोडायला हवी होती का?

जानेवारीतल्या शनिवारी सकाळी सहाला निघालो. बल्लारपूरपर्यंत ट्रक आणि धूळ, पुढे रस्ता मोकळा होतो. कोठारीला पोह्यांसाठी थांबलो. पंचवीस रुपयांत भरपूर पोहे, वर चण्याची झणझणीत तर्री. लहान मूल सोबत असेल तर तर्री वेगळी मागा. ओवीने माझा हात बाजूला सारून स्वतःच्या मुठीने पोहे खाल्ले, म्हणजे अर्धे फ्रॉकवर सांडले. टपरीवालीच्या कढईत आलूबोंडा सोडला की ओवी वाकून बघायची, वर आला की टपरीवालीकडे बघायची.

"लेकरू बोलत नाई का बाई?" टपरीवालीने विचारलं.

"कमी बोलते," मी म्हणाले. हे उत्तर मला पाठ झालं होतं.

"पाहून तं सारंच राह्यली."

गोंडपिपरीवरून आष्टी. वैनगंगेच्या पुलावर धुकं इतकं दाट होतं की खालचं पाणी दिसेना. पेट्रोल आष्टीलाच भरा, जवळ रोख पैसे ठेवा, आणि पुढे फोनला रेंज नसेल हे घरी आधीच सांगा. तिथून सागवानाचं जंगल लागतं. मोठ्या पानांवर दव पडलेलं, मध्येच रस्त्यावर वानरांचं कुटुंब. ओवी काचेला नाक लावून बसली होती. आलापल्लीचा रस्ता सोडून मुलचेऱ्याकडे वळलो तेव्हा साडेनऊ झाले होते.

बंगाली गाव लगेच ओळखू येतं. घरामागे तळं, अंगणात तुळस, बांबूच्या कुंपणावर वाळणारी जाळी, मोहरीच्या पिवळ्या पट्ट्या. दुकानावर एका म्हाताऱ्याला मासींचं घर विचारलं. त्यांनी आमची चंद्रपूरची नंबरप्लेट पाहून उलट विचारलं, "ओबीचा बाबा का तुमी?" आमच्या मुलीला हे गाव ओळखत होतं.

मासी दारातच उभ्या होत्या, नवी साडी नेसून. त्यांनी हात पसरले आणि ओवी माझ्या पायामागे लपली. मासींनी पुन्हा हाक मारली. ओवी म्हणाली, "नको."

मासींचे हात खाली आले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी ओवीला पुढे ढकलायला गेले.

"ढकलू नको दीदी," मासी म्हणाल्या. "अपने मन से आएगी."

त्या अंगणात बसून विळीवर मासे चिरू लागल्या. ओवीने आधी मांजर पाहिलं, मग पाळण्यातलं बाळ, मग विळी. तासभर ती मासींपासून चार हातांवरच होती. मासींनी एकदाही तिच्याकडे पाहिलं नाही. मला ते जमलं नसतं.

काम आवरून मासी भाताचं भांडं घेऊन तळ्याकडे गेल्या. आम्ही मागे. काठावर उभं राहून त्यांनी हाक दिली, "चोई, चोई, चोई." पलीकडच्या काठावरून आठ-दहा बदकं पाणी कापत निघाली.

ओवीने माझं बोट सोडलं. "तोई तोई," ती म्हणाली. मग जोरात, "तोई तोई तोई." आणि थेट जाऊन मासींचा पदर धरला.

प्रशांत माझ्याकडे पाहू लागला. मी मासींना विचारलं, "हे तुम्ही शिकवलंत?"

"शिकवलं नाई. दुपारी झोपायची नाई, तर खिडकीत घेऊन बसायची मी. माझ्या बदकांची गोष्ट सांगायची. कबुतर दिसलं की दोघी बोलवायचो, चोई चोई."

"काऊन नाई सांगितलं आमाले?" प्रशांत म्हणाला.

"तुमी विचारलं नाई," त्या साधेपणाने म्हणाल्या.

मग मासींकडून समजलं की ओवी "दाओ" म्हणते ते बंगाली आहे; दाखव नाही, दे. आणि "पाकी" म्हणजे पंखा नव्हे, पाखरू. कितीतरी दिवस माझी मुलगी बोलत होती. मी डॉक्टरांना सांगत होते, ती बोलत नाही. आनंद झालाच, पण खरं लिहायचं तर मला मासींचा हेवाही वाटला.

दुपारी वाढदिवस झाला. पाटावर बसवून मासींनी ओवीच्या डोक्यावर धान आणि दूर्वा ठेवल्या, दिवा ओवाळला. मग गुळाचा पायेश, म्हणजे आपली तांदळाची खीर. मासींनी चमचा पुढे केला तर ओवीने तो काढून घेतला. पहिला घास स्वतः खाल्ला, दुसरा मासींना भरवला, तिसरा घेऊन बदकांकडे निघाली. अडवलं तर चमचा सोडेना. "अश्शीच जिद्दी होती," मासी म्हणाल्या. मला ही जिद्द नवीन होती.

निघायच्या आधी मी त्यांना परत येण्याबद्दल विचारलंच. राहायची सोय करू, म्हणाले. त्यांनी पाळण्याला झोका दिला. "हा पण माझी वाट बघतो ना दीदी."

तीनला निघालो, म्हणजे उजेडात आष्टी गाठता येते. ओवी रडली नाही. मासींना हात केला आणि जंगल लागायच्या आत झोपली. मासी मात्र वळून घरात गेल्या, गाडी जाईपर्यंत थांबल्या नाहीत.

घरी येऊन आठवडा झाला. ओवी अचानक घडाघडा बोलायला लागली असं काही झालेलं नाही. फरक माझ्यात पडलाय. ती काही बडबडली की मी चूक सुधारत नाही, ती कुठे बघतेय ते बघते. नोकरीचा प्रश्न अजून अधूनमधून येतो, पण आता त्यासोबत दुसराही येतो: माझ्या मागे दिवसभर तिच्या आयुष्यात काय काय घडतं?

सोमवारी पाळणाघरात तिला सोडताना मी तिथल्या ताईंना विचारलं, "दुपारी ही झोपत नाही, तेव्हा तुम्ही काय बोलता हिच्याशी?"

त्या ओशाळल्या. "मॅडम, मी सिरोंच्याची. मुलांसोबत एकटी असले की तोंडात तेलुगूच येते. बंद करू का?"

"नको," मी म्हणाले. शाळेची घंटा व्हायला वीस मिनिटं होती. चपला काढून मी आत सतरंजीवर बसले. "मला सांगा, काय काय बोलता?"