चावरी गाठ

दिसेल ती गाठ ओढून पाहायची, ही तिची सवय. गाठ कोणाची, कशाची, याच्याशी तिला काही घेणंदेणं नसायचं. स्टँडवर कोणी मोटरसायकलच्या मागे पोतं बांधून चहा पीत उभा असला, की ही चालता चालता दोरीत बोट घालणार, एक हिसका देणार, आणि पोतं घसरून खाली आलं की त्या माणसालाच वर ऐकवणार, "हे गाठ नोय बापा, गुंता व्हय." एका लग्नात तर मंगलाष्टकं चालू होती आणि ही मांडवाच्या खांबाशी वाकून दोरी सोडून नव्यानं बांधत होती. लोक अक्षता टाकायच्या विसरून तिच्याकडेच पाहत राहिले.

तुमच्याही गावात असं एखादं माणूस असेल. त्याला आवरायला कोणी जात नाही, कारण शेवटी तेच बरोबर निघतं. आम्ही सारे तिला मावशी म्हणायचो. आता ती अकोल्याला लेकीकडे असते आणि आमच्या गावातले लोक पोती वाट्टेल तशी बांधतात.

आमचं गाव अनसिंगच्या अलीकडे. मी तिथल्या नळाचा माणूस. म्हणजे सकाळी मोटर चालू करायची, वॉल फिरवायचे, आणि पाणी कमी आलं की सगळ्या गावाच्या शिव्या खायच्या. शिव्यांचं मला काही वाटत नाही. भीती होती ती विहिरीची. साठ फूट खोल, आत उतरायला भिंतीत ठोकलेल्या लोखंडी कड्या, आणि त्यातल्या निम्म्या गंजून गेलेल्या. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की पाइपाच्या खालच्या टोकाला असलेल्या फुटवॉलच्या जाळीत गाळ अडकतो, मोटर नुसती घरघर करते. मग कोणीतरी आत उतरून जाळी साफ करावी लागते. माझ्या आधीचा नळवाला असाच उतरला. अंगाला काही बांधलं नव्हतं. कडी निसटली आणि तो पाठीवर पडला. जीव वाचला, पण तेव्हापासून तो खाटेवर आहे, आणि त्याचं काम माझ्याकडे आलं.

त्या दिवशी मावशी गावात नव्हती. आली तेव्हा आधी त्याच्या घरी गेली, खाटेशी बराच वेळ बसली. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "सोळा वर्सं झाले मले गावात येऊन. सोळा वर्सांत एकाले शिकवलं असतं, तरी हा पडला नसता." मी म्हटलं, मावशी, तुमचा काय दोष? तर माझ्यावरच खेकसली, "दोषाचं कोण बोलून राह्यलं? शिकवाचं राह्यलं म्हणतो मी!"

तिला हे दोराचं काम यायचं कुठून, तेही सांगतो. उमेदीची सारी वर्षं तिनं नवऱ्याबरोबर नागपूर-पुण्याकडे काढली. उंच इमारतींना बाहेरून रंग द्यायचं काम. नवरा गच्चीवर दोर सांभाळायचा आणि ही खाली लटकून ब्रश फिरवायची. असं उलटं का, म्हणून मी विचारलं होतं. "त्याले उंचीचा भेव," ती म्हणाली. "गच्चीवर बसून सुदिक डोये मिटून घे. पन दोर कसा बांधे! असा मानूस पुन्हा नाही." नवरा तापात गेला आणि ती गावी परतली. सोबत पत्र्याची एक पेटी, दोराची दोन वेटोळी आणि कमरेचा पट्टा. दर पौर्णिमेला पांढरं लुगडं नेसून विहारात जायची आणि येताना शाळेच्या झोक्याची साखळी ओढून पाहायची.

नळवाला पडल्यावर जाळी तशीच अडकलेली होती. गावाला पाणी नाही. कोणी उतरेना. तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची ही बाई लुगडं खोचून, पट्टा बांधून खाली गेली आणि अर्ध्या तासात जाळी साफ करून वर आली. काठावर एक म्हातारे बाबा उगाच तोंड वाकडं करून उभे होते. गाळानं माखलेले हात पुसत ती त्यांना म्हणाली, "बाबा, माह्या आजीले या काठावर उभं राहू देत नोते. मी थेट तळाले जाऊन आली. आता पानी गोड लागते का, सांगजा." बाबांना ठसका लागला. नंतर त्यांच्याच घरून तिला दुधाचा गडवा आला, हेही खरं.

पण गुडघ्यांनी त्या दिवशी हिशेब चुकता केला. आठ दिवस तिला संडासापर्यंतही भिंत धरून जावं लागलं. नवव्या दिवशी मला बोलावलं. "पुढच्या उन्हाळ्यात तुलेच उतराचं हाय. चाल, शिक."

तिच्या अंगणातल्या कडुनिंबाला एक जाड दोर बांधलेला होता. बारीक दोरीचा एक फास तिनं त्या दोराभोवती तीनदा फिरवला, आतून काढला, वेढे नीट एकाशेजारी एक बसवले. हातानं सरकवला की सरसर वर-खाली जायचा. भार आला की मात्र जागच्या जागी दोराला चावा घ्यायचा. म्हणून ती त्याला चावरी म्हणायची. पुढे एकदा नळवाल्यांच्या प्रशिक्षणाला आलेल्या साहेबांनी या गाठीचं प्रुसिक असं नाव सांगितलं. मी गावी येऊन मावशीला सांगितलं, तर म्हणाली, "त्याहीची प्रुसिक आन् आपली चावरी. चावल्याशी मतलब."

बांधायला मी दोन दिवसांत शिकलो. मला वाटलं, झालं! पण खरी गोम पुढेच होती. ही गाठ कमरेच्या पट्ट्याला अडकवून हातानं सरकवत उतरायचं असतं. पाय निसटला की माणूस काय करतो? जे हातात आहे ते गच्च आवळतो. आणि हातात असते ती गाठच. मुठीत आवळली की ती चावत नाही, माणसासोबत खाली घसरत जाते. तिथे हात सोडायचा असतो. सांगायला सोपं आहे. मावशी मला स्टुलावर उभं करायची, गप्पा मारता मारता पायानं स्टूल उडवायची, आणि मी दर वेळी गाठ आवळून धपकन खाली.

"सोड, मंग धरते!" ती ओरडायची. "सोड म्हनलं तं धरतं काहून?"

"आपोआप होतं मावशी!"

"आपोआपच मरशीन."

शेवटी तिनं एक तोडगा काढला. घाबरला की माणूस दोन्ही मुठी आवळतो, म्हणून माझा उजवा हात गाठीवर ठेवून तिनं आपल्या कोंबडीचं ताजं अंडं डाव्या हातात दिलं. "हे धरून उभा राय. मूठ आवयली का फुटलं." पहिल्या आठवड्यात अकरा अंडी फुटली. माझा एकही शर्ट धड राहिला नाही. बायको म्हणाली, तुम्ही नळाचं काम शिकता की हॉटेलाचं? कोंबडीही मला पाहून आडोशाला जायला लागली. बाराव्या अंड्याला स्टूल उडालं, मी हवेत लटकलो, गाठ दोराला चावून बसली आणि अंडं माझ्या तळहातावर शाबूत. मावशीनं ते माझ्या हातातून घेतलं, आत गेली आणि त्याची पोळी करून आणली. आम्ही दोघांनी अर्धी अर्धी खाल्ली. इतकी चवदार अंड्याची पोळी मी पुन्हा खाल्ली नाही.

यानंतर तिची परीक्षा असायची, आणि ती परीक्षा फार वाईट. तुमच्या गाठीवर तुम्हाला नाही, ती स्वतःला टांगायची. "तुह्या जिवाची तुले किंमत नसन. माह्या जिवाची हाय का, थे पाहतो." दर संध्याकाळी मी बांधायचो आणि ती साठीला टेकलेली बाई कंबरेच्या पट्ट्यानं त्यावर लटकून पाय हलवत सुपारी कातरायची. मला इकडे घाम फुटायचा.

अशातच पोळा आला. आमच्याकडे बैलजोडी आहे, वांग्या-टमाट्याचा मळा आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते, म्हणजे वर्षभर जू ओढणाऱ्या बैलांच्या खांद्यांना हळद आणि तूप चोळायचं. मी मनापासून चोळलं. हात अंगातल्या बंडीला पुसले आणि तसाच मावशीकडे गेलो. गाठ बांधली, वेढे बसवले, तिनं ओढून पाहिली. हातानं ओढली तेव्हा धरली. मग ती लटकली, आणि गाठ सर्र करत बुडापर्यंत गेली. मावशी ओट्याच्या कडेवर बसल्यासारखी आपटली.

तिनं बसल्या जागी फासाची दोरी नाकाशी नेली.

"तूप?"

"खांदशेकणी होती," मी म्हणालो.

"बैलाच्या खांद्याले लावलं थे बराबर केलं," ती हळूच म्हणाली. "माह्या जिवाले कायले लावलं रे, बाबू?"

बाबू म्हणाली ती. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. मी तिला उचलून खाटेवर बसवलं आणि ढसाढसा रडलो, अडतीस वर्षांचा बाप्या. तिनं रडू दिलं. मग म्हणाली, "झालं? आता सोड्याच्या पान्यात दोर धुऊन टाक. आन् हात बी." पंधरा दिवस तिला नीट बसता आलं नाही. लोकांना तिनं सांगितलं, ओल्यात पाय घसरला. माझं नाव कुठेही निघालं नाही. सोळाव्या दिवशी पुन्हा कंबरेला पट्टा बांधून माझ्यासमोर उभी. मी नाही म्हणालो, माझ्याच्यानं होणार नाही. ती म्हणाली, "आता तं तूच बांधशीन. तुपाचा हात पुन्हा दोराले लावनारा नाहीस तू." तिथून पुढे गाठ बांधण्याआधी मी राखेनं हात घासतो. आजही घासतो.

दिवाळीच्या सुमारास तिच्या लेकीला मुलगी झाली. लेक अकोल्याला दवाखान्यात नर्स. सहा महिन्यांची रजा, त्यानंतर ड्युटी, आणि जावयाची नोकरी फिरतीची. पोरीला कोणाजवळ ठेवायचं? रोज दुपारी फोन यायचा. "आई, कधी येतेस?" आणि मावशीचं ठरलेलं उत्तर, "विहिरीचं झालं का येतो." नातीचा फोटो मोबाइलवर मोठा करून करून पाहायची, पण हलायची नाही. मी म्हणायचो, मावशी जा, मी पाहतो. तर म्हणायची, "एकडाव गेली होती मी गावातून. काय झालं थे पाह्यलं ना?"

हिवाळा असाच गेला. मी ओल्या दोरावर शिकलो, डोळे बांधून शिकलो, डाव्या हातानं शिकलो. चैत्र संपता संपता पाणी तळाला गेलं आणि एका सकाळी मोटर घरघरली. लेकीची रजा संपायला तेव्हा आठ दिवस उरले होते.

मी विहिरीवर मावशीला रिक्षातून आणलं. मी आत असताना कोणी मोटर चालू करू नये म्हणून फ्यूज काढून तिच्याजवळ दिला, तिनं तो पदरात बांधला. काठावर पाण्याला आलेल्या बायका जमल्या होत्या. मी काठाजवळच्या कडुनिंबाच्या बुंध्याला दोर बांधला, चावरी घातली, पट्ट्याला अडकवली. तिनं एकदा सगळीकडून पाहिलं. "जा," म्हणाली. एवढंच. आणि जाऊन सावलीत बसली.

मी उतरलो. एक हात कडीवर, एक गाठीवर. वर पाहिलं की भाकरीएवढं आभाळ दिसायचं. निम्म्यावर गेलो असेन, पायाखालची कडी खटकन तुटली. मला काय झालं ते सांगता येत नाही. हात आपोआप उघडला. पट्ट्याला हिसका बसला आणि मी भिंतीला खांदा घासत लटकलो, गाठ दोराला चावून गच्च. तुटलेली कडी खाली पाण्यात पडल्याचा आवाज आला. थोडा वेळ मी तसाच हेलकावत राहिलो आणि मोठ्यानं हसलो. मग पुढची कडी शोधली, तळाला गेलो, जाळीतला गाळ खरवडून काढला आणि वर यायला लागलो.

सगळं मनात रचून ठेवलं होतं. कडी कशी तुटली, हात कसा सुटला, कसं सांगायचं. काठावर आलो तर बायका तोंडावर बोट ठेवून उभ्या. कडुनिंबाखाली मावशी झोपली होती. नुसती डुलकी नव्हे; दोराच्या उरलेल्या वेटोळ्यावर डोकं, तोंड उघडं, बारीकसं घोरणं.

"कधीची झोपली?" मी विचारलं.

"तुमी खाली गेले आन् लगेच," एक बाई कुजबुजली. "कडी पडली तवा आमी सारे ओरडलो. तिनं डोया उघडला, दोराकडे पाह्यलं, आन् कूस पलटली."

मला आधी राग आला. मी मरता मरता वाचलो आणि ही घोरते! मग मात्र तिच्या डोक्याखालच्या दोराकडे लक्ष गेलं. गाळानं भरलेल्या कपड्यांनिशी मी तिच्या शेजारी बसलो आणि तिच्या तोंडावरच्या माशा वारत राहिलो. फ्यूज तिच्या पदरात होता, मोटर बंद होती, बायकांच्या घागरी रिकाम्या होत्या. पण तिला उठवा, असं एकही बाई म्हणाली नाही.

इतक्यात तिचा मोबाइल वाजला. ती जागी होऊ नये म्हणून मी पटकन उचलला. लेक होती.

"आई कुठं आहे?"

"झोपली आहे."

"या वेळेला? तब्येत बरी आहे ना तिची?" ती घाबरली. "आणि विहिरीचं?"

"विहिरीत मी जाऊन आलो," मी म्हणालो. "उद्या सकाळच्या गाडीत बसवून देतो. तुम्ही स्टँडवर या, आणि येताना पोरीला घेऊन या."

पलीकडून एका तान्ह्या पोरीचा आवाज येत राहिला, आणि माझ्या शेजारी मावशी घोरत राहिली.