तळाचा माल

समोरच्या घरातल्या काकांइतका भरलेल्या वस्तूंवर अविश्वास असलेला माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात सापडणार नाही. उभी नोकरी तेलाच्या डेपोत, टाक्यांत पट्टी सोडून माल मोजण्यात गेली. निवृत्त होऊन कोपरला आले तेव्हा टाक्या मागे राहिल्या, मोजणं सोबत आलं. गेटाशी कुणाची स्कूटर थांबली की हे झाकण उघडायला लावणार, गाडी हलवून आवाज ऐकणार आणि सांगणार, "शहाडपर्यंत जाशील. परत येण्याचं मी बोलत नाही." माझा जावई पहिल्यांदा घरी आला, तेव्हा त्याचं स्वागतही असंच झालं. कुठली रिफायनरी दुरुस्तीला बंद आहे, तेवढं पेपरात वाचायचे आणि देशात तेलाचा साठा किती उरलाय ते जिन्यात भेटेल त्याला ऐकवायचे. तो नेहमी कमीच असायचा, कारण काका टाकीच्या तळाचा माल हिशेबात धरतच नसत. "तो पंपाला ओढता येत नाही. असला तरी नाही म्हणायचं." घरातही पिठाचा डबा पाव उरला की संपला. काकू वैतागायच्या, "अहो, आता मीही तळालाच आलेय. मला तरी धरताय का?"

गेल्या वर्षी काकू गेल्या. त्या सकाळीही त्यांनी चहा केला होता. त्यानंतर काकांनी जेवणाचा डबा लावला आणि ज्या सिलिंडरवर तो चहा झाला होता, तो पुन्हा वापरला नाही. रोज मात्र ओल्या फडक्याने पुसायचे. गॅस असतो तिथवर ओल टिकते, तिथे खडूची रेघ. रेघ हलणार कुठून? तरी पुसायचे. मला हे वेड वाटायचं आणि मी ते तोंडावर सांगितलंही होतं.

मग आखातात युद्ध पेटलं आणि इकडे गॅसच्या गाड्या येईनाशा झाल्या. काकांचं भाकीत आयुष्यात पहिल्यांदा खरं ठरलं. माझी लेक बाळंतपणाला आलेली, घरात तान्हं बाळ, आणि नेमका आमचा सिलिंडर संपला. विजेची शेगडी बाजारात मिळेना. मी काकांकडे मागायला जाणार नव्हते. तेच तो सिलिंडर घरंगळवत दारात आले.

"काका, हा नको."

"अगं, बाळाला काय थंड पाण्याने आंघोळ घालणार आहेस? लाव."

लावला. अगदी काटकसरीने वापरला, तरी आमचा नवा येईपर्यंत तो उचलायला हलका लागू लागला होता. परत नेऊन दिला, तेव्हा काकांनी फडकं भिजवून आणलं. ओल अगदी बुडाशी टिकली.

"तळालाच गेला हो," मी म्हटलं. "तुमच्या हिशेबाने संपलाच."

काका गुडघे धरून खाली बसले. जुनी रेघ अंगठ्याने पुसली आणि बुडाशी नवी ओढली.

"नाही," ते म्हणाले. "हा धरायचा."