जिथे दव गोठत नव्हतं

माझी मुलगी काखेपर्यंत जमिनीत गेली होती आणि ओरडतही नव्हती. दोन्ही हात वाफ्यावर पसरून नुसती माझ्याकडे बघत होती. मी धावले, तशी माझ्या पायाखालची मातीही हलली.

"खड़ी ना रह! लेट जा, बीबी, लेट जा!" कुंपणापलीकडून म्हातारी ओरडली.

मी पालथी पडले.

नवऱ्याची चंडीगढला बदली झाली म्हणून आम्ही साताऱ्याकडून त्या सरकारी क्वार्टरमध्ये आलो होतो. मुलगी सहा वर्षांची. मागे मोकळं अंगण होतं. तिकडे फेब्रुवारी सरता सरता भेंडी, दोडका, दुधी लावतात. मी चौथी शिकलेली, पण लहानपणापासून शेतात राबलेली. भाजी कशी लावायची हे मला कोणी सांगायला नको होतं.

अंगणात चार पावलं रुंद असा एक गोल तुकडा होता. थंडीत सगळं गवत दव गोठून पांढरं व्हायचं, तेवढा तुकडा काळा राहायचा. सकाळी त्यातून वाफ निघायची, भाताच्या पातेल्यातून निघते तशी. माती मऊ, कुदळ सहज जायची. वाफा तिथेच करायचा हे मी पहिल्या वर्षीच ठरवलं, पेरणी मात्र दुसऱ्या वर्षी जमली.

शहर वसवताना त्या म्हातारीचं गाव इथूनच उठवलं होतं. ती लांबून चालत यायची, थंडी संपताना एकदाच. त्या तुकड्यावर पानात गोड दलिया ठेवायची, हात जोडायची आणि जायची.

"माई, यहाँ क्या है?" मी एकदा विचारलं.

"ख्वाजा की जगह है. पानी का पीर. यहाँ कुछ मत बोना."

मी नवऱ्याला सांगितलं. तो हसला. म्हणाला, "पाण्याचा पीर आहे ना? मग भेंडीला पाणी तोच घालेल. तुझं काम वाचलं."

मीही हसले. आमच्याकडे विहिरीची पूजा विहिरीच्या काठावर होते. काठ दिसत नसेल तिथे पाण्याला नैवेद्य कोणी ठेवत नाही. त्यामुळे खाली गावाची बुजवलेली विहीर असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तिलाही वाटलं असेल, पाण्याचा पीर म्हटलं की कळतंच.

पेरणीआधी जमीन भिजवून वाफसा येऊ द्यायचा, म्हणजे माती ओलसर पण मोकळी होऊ द्यायची, ही आमची रीत. मी रबरी नळी सोडली. पाणी साचेना. दुसऱ्या दिवशी दिवसभर सोडली, तरी साचेना. जमिनीला कान लावला तर खालून आवाज येत होता, खोल, मध्येच थांबून पुन्हा. मला तो आवडला नाही. पण बी आणलेलं होतं. मी नळी बंद केली आणि वाफसा यायची वाट बघितली.

पेरायच्या दिवशी सकाळी म्हातारी दलिया घेऊन आली. मी कुंपणाशीच अडवली. "आज नहीं, माई. वाफा केला है. पैर मत रखना."

ती वाफ्याकडे बघत राहिली. "बच्ची को हटा," ती म्हणाली.

मुलगी टाचेने बी दाबत होती. मी वळले तोवर ती खाली गेली होती.

मी पालथी सरकत होते. म्हातारी फाटकातून आत आली आणि ओट्यावरची बाज ओढत आणून तिने खड्ड्यावर आडवी ढकलली. पायाकडचं लाकूड धरून ती बसून राहिली. मी बाजेवर चढले आणि मुलीचे दंड धरले. ती वर येईना.

"आई, नीचे किसी ने पैर पकड़ा है," मुलगी म्हणाली. अगदी शांतपणे.

खांदा निखळला तर निखळला, असं म्हणून मी ओढलं. चिखल फाटल्यासारखा आवाज झाला आणि ती निघाली. तिच्यामागे वाफा आत गेला. काही क्षण काहीच ऐकू आलं नाही. मग खालून पाण्याचा आवाज आला.

त्या वेळी अंगणात आम्ही तिघीच होतो. मुलगी, मी आणि म्हातारी. तिघी वाचलो.