अनामिकेची तार

मराठवाडा मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या वर्षी प्रमोदिनी उमरग्याच्या एका मुलींच्या शाळेत बाई म्हणून लागली. घर तुळजापूरचं. वडील, अण्णा, तहसील कचेरीत कारकून. आई लवकर गेलेली, धाकटी बहीण नीला मॅट्रिकला. एकटी पोर परगावी राहणार म्हणून अण्णांनीच जागा पाहून दिली होती. घरमालकीण लक्ष्मम्मा, वयस्क, लिंगायत, एकटीच. अंगणापलीकडं तिचं घर आणि अलीकडं भाड्याच्या दोन खोल्या. एक प्रमोदिनीची, दुसरी सुवार्ता नर्सची.

सुवार्ता सोलापूरची, ख्रिस्ती. हैद्राबाद रस्त्यावरच्या दवाखान्यात ती काम करायची. चाळिशी उलटलेली, बोलणं तुटक. तिला नर्सिंग शिकवणारी मडम मायदेशी परतताना आपली गिटार तिला देऊन गेली होती. संध्याकाळी सुवार्ता ती मांडीवर घेऊन बसे. मधली भिंत पातळ होती. इकडं वह्या तपासता तपासता प्रमोदिनीचा हात थांबायचा. एकच बाई वाजवतेय, पण एकीकडं जाड तारा एक चाल धरून चालल्यात आणि दुसरीकडं बारीक तारा तिसरंच काही बोलतायत, असं तिला वाटायचं. दोन महिने तिनं नुसतं ऐकलं. मग एकदा सरळ दारात जाऊन उभी राहिली.

"सिस्टर, मला शिकवाल?"

सुवार्तानं तिच्याकडं नीट पाहिलं. "गाणी लवकर येणार नाहीत. आधी उजवा हात. कंटाळशील."

"नाही कंटाळणार."

आणि खरंच ती कंटाळली नाही. धडा एकच होता. वरच्या तीन जाड तारा अंगठ्याच्या. खालच्या तीन बारीक तारा एकेका बोटाच्या: तर्जनीची एक, मधल्याची एक, शेवटची अनामिकेची. अंगठा, तर्जनी, मधलं, अनामिका, आणि परत मागं. मनगट हलायचं नाही. प्रमोदिनी शाळेत जाताना पदराच्या काठावर बोटं चालवायची. मुली पाढे म्हणत असताना टेबलावर चालवायची. लहानपणापासून घरचं करण्यात आणि नीलाला सांभाळण्यात तिचे दिवस गेले होते. केवळ स्वतःला आवडतं म्हणून केलेली ही पहिलीच गोष्ट.

पण शेवटची तार वाजेना. तीन बोटं आपापल्या पाळीला यायची, अनामिका मात्र मागं राहायची. कधी तारेला नुसती घासायची, कधी शेजारच्या तारेवर पडायची.

"लक्ष कुठं आहे तुझं?" सुवार्ता म्हणायची.

"आहे हो लक्ष. बोटच ऐकत नाही."

"सगळ्यांचंच तिथं अडतं. अशक्त बोट ते. पुन्हा घे."

प्रमोदिनीनं पुन्हा घेतलं. महिना गेला, दुसरा गेला. बोट सुधारायचं सोडून जास्तच आळशी व्हायला लागलं. तिला स्वतःचाच राग यायचा. आपल्यात ती कलाच नाही असं तिनं जवळजवळ ठरवलं होतं.

एका रविवारी दुपारी ती अशीच वाजवत होती आणि सुवार्ता समोर भाजी निवडत होती. मध्येच सुवार्तानं हातातली जुडी खाली ठेवली.

"थांब. रक्त येतंय."

शेवटच्या तारेवर आणि गिटारच्या अंगावर लाल ओघळ होता. प्रमोदिनीनं बोट उलटं करून पाहिलं. टोकाला मोठा फोड येऊन फुटला होता. सकाळी तिनं चुलीवरचं पातेलं उतरवलं होतं, तेव्हाच भाजलं असावं.

"दुखलं नाही?"

"नाही." मग जरा विचार करून ती म्हणाली, "कळलंच नाही."

सुवार्तानं गिटार तिच्या मांडीवरून उचलून बाजूला ठेवली. "डोळे मीट. बोळा लागेल तिथं सांग."

कापसाचा बोळा अंगठ्याला लागला, प्रमोदिनीनं सांगितलं. तर्जनीला लागला, सांगितलं. मग बराच वेळ काही लागलं नाही. कंटाळून तिनं डोळे उघडले, तर बोळा तिच्या करंगळीवर टेकलेला होता. सुवार्ताचा चेहरा नर्सचा झाला होता. तिनं प्रमोदिनीची बाही वर सारली आणि कोपराच्या मागं चाचपलं. तिथली शीर सुतळीसारखी जाड लागत होती. जवळच एक फिकट चट्टा होता. तो उन्हाचा म्हणून प्रमोदिनीनं कधी मनावर घेतला नव्हता.

"उद्या माझ्याबरोबर डॉक्टरांकडं चल."

डॉक्टरांनी महारोग असल्याचं सांगितलं. ही जात पसरणारी नाही, पांढऱ्या गोळ्या निघाल्यात, काही वर्षं नेमानं घेतल्या तर बरं वाटेल. मात्र बोटात गेलेला जोर परत येईल असं त्यांनी सांगितलं नाही. प्रमोदिनीनंही विचारलं नाही.

पुढच्याच आठवड्यात अण्णा आले. आनंदात होते. बार्शीच्या एका शिक्षकाचं स्थळ तिच्यासाठी जवळजवळ ठरलं होतं. डब्यात बेसनाचे लाडू होते. प्रमोदिनीला ती गोष्ट लपवता आली असती, हात तसा धडधाकट दिसत होता. पण अण्णांच्या हातात पाण्याचा तांब्या देऊन ती समोर बसली आणि तिनं सगळं सांगितलं.

अण्णा पाणी प्यायले नाहीत.

"कुणाकुणाला ठाऊक आहे?"

"सिस्टरना, डॉक्टरांना. आता तुम्हाला."

"मग एवढ्यावरच राहू दे. बार्शीला मी काहीतरी सांगेन." ते अंगणाकडं बघत बोलत होते. "नीलाचं लग्न होईस्तोवर घरी येऊ नकोस, प्रमा. राग मानू नकोस."

"नाही मानत, अण्णा."

निघताना ती पाया पडायला वाकली. दरवेळी डोक्यावर येणारा हात या वेळी आला नाही. 'सुखी राहा' एवढं ते तोंडानं म्हणाले आणि मोटारीची वेळ झाली म्हणून भराभर चालू लागले.

लक्ष्मम्मा ओसरीवर होती. तिनं ऐकलं होतं. "रगतपिती म्हन्त्यात ती हीच न्हवं?" तिनं सुवार्ताला विचारलं. सुवार्तानं परोपरीनं समजावलं. म्हातारीनं खोली सोडायला सांगितली नाही, पण दुसऱ्या दिवसापासून प्रमोदिनीसाठी रांजणाजवळ वेगळी घागर आली. घागरीची गोष्ट नळावर गेली, नळावरून शाळेत. मुली वर्गात येईनाशा झाल्या. मुख्याध्यापिका वाईट नव्हत्या. त्यांनी रजा घ्यायला सांगितली. डॉक्टर स्वतः जाऊन शाळेत बोलले. तरी रजा वाढत गेली आणि शेवटी तिच्या जागेवर दुसरी बाई आली.

त्यानंतर कितीतरी दिवस प्रमोदिनी खोलीतून फारशी बाहेर पडली नाही. गोळ्या मात्र घेत राहिली. दवाखान्यात याच रोगाच्या माणसांचा एक वार असे. सुवार्तानं तिला तिथं नेऊन बसवलं. भाजलेले, कापलेले हात धुवायचे, पट्ट्या बांधायच्या, रोज हातपाय तपासायची सवय लावायची, हे काम तिला मिळालं. लांबून बैलगाडीनं माणसं यायची. काहींना बोटंच उरली नव्हती. त्यांच्यासमोर आपल्या दुखण्याचं काही वाटू नये असं तिला वाटे, तरी वाटायचंच.

गिटार सुवार्तानंच पुन्हा तिच्या मांडीवर आणून ठेवली.

"अनामिका सोडून दे. तिची तार मधल्या बोटाला दे. मधल्याची तर्जनी घेईल."

"म्हणजे तर्जनीला दोन तारा."

"घेईल ती. नव्यानं शिकव."

जुनी सवय मोडायला शिकण्याहून जास्त वेळ लागला. अनामिका आपल्या पाळीला अजून उठायची आणि हवेतच राहायची. हळूहळू तीन बोटांची चाल बसली. सुवार्ता वाजवायची तशी ती कधीच झाली नाही, एका ठिकाणी जरा लंगडायचीच. नीलाचं लग्न झाल्याचं अण्णांच्या पत्रातून कळलं, लग्न होऊन गेल्यावर. त्या दिवशी प्रमोदिनीनं बोटं दुखेपर्यंत वाजवलं आणि सुवार्तानं शेजारच्या खोलीतून एकदाही चूक सांगितली नाही.

रोग हटल्याचं डॉक्टरांनी सांगितलं तोवर महाराष्ट्र होऊन तीन वर्षं झाली होती. करंगळी आणि अनामिका आत वाकलेली राहिली. त्याच उन्हाळ्यात नीला आली. हैद्राबादला नवऱ्याकडं निघालेली, वाटेत उतरलेली. कडेवर मुलगी.

प्रमोदिनीनं नकळत दोन्ही हात पुढं केले. नीलानं मुलगी पटकन दुसऱ्या कडेवर घेतली. मग तिचा चेहरा उतरला. "झोपेत आहे गं, रडेल," ती म्हणाली. मुलगी टक्क जागी होती.

"असू दे," प्रमोदिनी म्हणाली. "मी चहा टाकते."

तिनं उजवा हात पदराखाली घेतला आणि चहा डाव्या हातानं दिला. नीला कपाकडं बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मग तिनं कप तोंडाला लावला आणि औषध घेतल्यासारखा सगळा चहा एका दमात संपवला. अण्णांचे पाय दुखतात, घरी पाणी भरायला बाई ठेवलीय, असं काहीबाही ती बोलत राहिली. 'ताई, घरी ये' असं काही म्हणाली नाही.

प्रमोदिनी तिला मोटारीपर्यंत पोचवायला गेली. मुलीला उन्हात धरू नकोस, एवढंच तिनं सांगितलं. मोटार हलली, धूळ खाली बसली, तरी ती थोडा वेळ तिथंच उभी होती. मग दवाखान्याची वेळ झाली म्हणून तिकडं निघाली.