दोन माऊस आणि एक बाण

डेमो ऐन रंगात आला होता आणि माझ्या माऊसचा बाण आपोआप डावीकडं पळाला. मी उजवीकडं ओढला. तो परत डावीकडं. पलीकडून पुण्याचे माझे सर आणि आमचे क्लायंट असलेले एक डॉक्टर माझी स्क्रीन बघत होते.

मी सॉफ्टवेअर टेस्टर. दुसऱ्यानं बनवलेलं सॉफ्टवेअर कुठं फसतंय ते शोधायचं, हे माझं काम. कोल्हापुरात घरी बसून करतो. नोकरी नवी, प्रोबेशन चालू. सरांनी सांगितलं होतं, "चौगुले, हा डेमो नीट झाला की तुम्ही कन्फर्म. नाहीतर बघू." त्या 'बघू'नं माझी झोप उडवली होती.

त्यात कंपनीचा लॅपटॉप बंद पडला. घरात दुसरा एकच, सगळ्यांचा मिळून. वहिनींचा मसाल्याचा धंदाही त्याच्यावरच. त्यात क्लायंटचं, औषधांच्या चिठ्ठ्या लिहायचं सॉफ्टवेअर टाकायची परवानगी नाही. मग सरांना विचारून मी पोर्टेबल व्हर्च्युअल मशीन केलं. म्हणजे लॅपटॉपच्या आत, एका खिडकीत, दुसरा अख्खा कॉम्प्युटर चालतो. तो सगळा छोट्या हार्ड डिस्कमध्ये मावतो. केबल जोडली की सुरू, काम झालं की खिशात.

हे मी वहिनींना मोठ्या तोऱ्यात समजावलं होतं.

"म्हंजे आत दोन कॉम्प्युटर हायत?"

"व्हय."

"एक तुमचा, एक आमचा?"

"अगदी बरोबर!"

इथंच मी माती खाल्ली.

आता बघतो तर वहिनी शेजारी खुर्ची टाकून बसलेल्या. पोरांचा जुना माऊस त्यांनी लॅपटॉपला दुसऱ्या बाजूनं जोडलेला. मी माईक बंद केला.

"वहिनी, काय चाललंय?"

"कुरिअरवाला दारात हुबा हाय, भावजी. लेबलं काढाय नकोत व्हय? तुमच्यावर तुम्ही करा, माझ्यावर मी करते. माऊस बी येगळा आणलाय की!"

माऊस कितीही जोडले तरी बाण एकच असतो, हे मी सांगितलंच नव्हतं! आता सांगायला वेळ कुठला? डॉक्टर बोलवत होते. मी माईक चालू केला, जोर लावून बाण ओढला आणि औषधाच्या नावाच्या रकान्यात क्लिक केलं.

"बघा डॉक्टर, यादीत नसलेलं औषध हे घेतच नाही." मी 'भजी' टाइप केलं. लाल अक्षरांत नकार आला. डॉक्टर खूश. मी रकाना पुसला.

तेवढ्यात वहिनींनी माझ्या कोपराखालून हात घातला आणि पेस्ट करून एंटर दाबलं. व्हॉट्सअॅपवरून कॉपी केलेली ऑर्डर त्यांना लेबलवर टाकायची होती. पण दोन्ही कॉम्प्युटरमधली कॉपी-पेस्टची वाट मीच सोयीसाठी उघडी ठेवली होती. ऑर्डर थेट माझ्या रकान्यात.

'कांदा-लसूण मसाला, अर्धा किलो, झणझणीत.'

आणि खाली हिरव्या अक्षरांत: 'प्रिस्क्रिप्शन सेव्ह झाले.'

मेलो! मनातल्या मनात मी दुसरी नोकरी शोधायला लागलो.

डॉक्टर म्हणाले, "हे जेवणाआधी घ्यायचं का नंतर?"

"जेवणाबरुबर घ्या की!" वहिनी माईकमध्ये ओरडल्या.

डॉक्टर जे हसत सुटले, ते खोकला लागेपर्यंत. मलाही हसू आवरेना. मग डॉक्टर एकदम थांबले.

"पण हे सेव्ह झालंच कसं? आमच्या दवाखान्यातली पोरं दिवसभर कॉपी-पेस्टच करतात."

मी लगेच तिथंच करून बघितलं. टाइप केलं की सॉफ्टवेअर यादी तपासत होतं. पेस्ट केलं की काहीही गिळत होतं. इतके दिवस मी प्रत्येक नाव शहाण्या मुलासारखं टाइप करून तपासलं होतं.

संध्याकाळी सरांचा फोन आला. "हे दवाखान्यात लागल्यावर सापडलं असतं, तर कुणाच्या तरी जिवावर बेतलं असतं. कन्फर्म आहात, चौगुले. पण रिपोर्टमध्ये लिहायचं काय?"

मी लिहिलं, 'प्रत्यक्ष वापराच्या परिस्थितीत चाचणी घेतली.' सरांनी एक अक्षरही न बदलता पुढं पाठवलं.

तेव्हापासून माझा नियम ठरला आहे. शांत बसून तपासलेलं सॉफ्टवेअर शांत माणसापुरतंच चालतं. दवाखान्यात शांत कोण असतं? शेजारी एक घाईतलं माणूस बसवावं, आणि त्याला काही समजावून सांगू नये.